एका निवृत्त पोलीस निरीक्षकाचे वेस्ट बँकमधले सहा दिवस

दसरा आटोपला आणि आम्ही दोघं नवरा-बायको निघालो. आधी पाच दिवसांची ग्रुप टूर होती, जेरुसलेम, मृत समुद्र वगैरे, त्यावर भरपूर लोकांनी लिहिलंय म्हणून ते सोडतो. टूर संपली, बाकीची मंडळी एअरपोर्टला गेली आणि आम्ही दोघं मागे राहिलो. कारण होतं एक जुना मित्र.

2001 मध्ये मी संयुक्त राष्ट्रांच्या पोलीस मिशनवर वर्षभर कोसोवोला होतो. तिथे माझ्या शिफ्टला एक स्वीडिश पोलीसवाला होता, एकाच गाडीत गस्त, एकाच हीटरपुढे डबे. त्यानंतर अठरा वर्षं दिवाळी-नाताळचे मेसेज चालू होते. सध्या तो वेस्ट बँक या पॅलेस्टिनी भागातल्या रामल्ला शहरात आहे, युरोपियन युनियनच्या ईयूपोल कॉप्स नावाच्या मिशनमध्ये सल्लागार म्हणून. पॅलेस्टाईनच्या सिव्हिल पोलिसांना उभं करायला, ट्रेनिंग द्यायला मदत करणारं हे मिशन. टूरचं कळवल्यावर त्याचा फोन आला, "इतक्या जवळ येऊन तसाच परत जाणार का?" मग तिकिटं सहा दिवस पुढे ढकलली. हे ऑक्टोबर 2019 चं, आल्यावर पंधरा दिवसांत लिहितोय.

दिवस पहिला – जेरुसलेम ते रामल्ला

दमास्कस गेटजवळच्या बस स्टँडवरून 218 नंबरची बस पकडली. जेमतेम पंधरा किलोमीटर अंतर. कलंदियाच्या चेकपोस्टवर जाताना कोणी अडवत नाही, तपासणी येताना असते. चेकपोस्ट ओलांडलं आणि बस जी अडकली ती पाऊण तास हललीच नाही. दोन्ही बाजूंना दहा-दहा मजली बिल्डिंगा, मधे चिंचोळा रस्ता, समोरासमोर ट्रक घुसलेले, आणि पोलीस एकही नाही. मला राहवेना. बाजूला बसलेल्या कॉलेजच्या मुलाला विचारलं की बाबा इथे ट्रॅफिक पोलीस कुठायत? तो म्हणाला हे कफर अकब आहे. म्हणजे काय? तर हा भाग कागदावर जेरुसलेम महापालिकेत, पण इस्रायलने बांधलेल्या भिंतीच्या पलीकडे पडलेला. इस्रायली पोलीस सहसा इकडे फिरकत नाहीत आणि पॅलेस्टिनी पोलिसांना इथे यायची परवानगी नाही. शेवटी दुकानातली दोन पोरं रस्त्यात उतरली, हातवारे करून एकेक ट्रक मागे घेतला आणि वाट मोकळी झाली.

आमच्या खात्यात हद्दीवरून होणारे वाद काही कमी नाहीत. नदीत बॉडी सापडली की दोन्ही काठांवरची ठाणी "तुमच्या हद्दीत" म्हणून एकमेकांकडे बोट दाखवतात हे मी स्वतः पाहिलंय. पण आपल्याकडे निदान दोघांपैकी एकाला तरी जावंच लागतं, आणि 2013 पासून झीरो एफआयआर आहे, कुठल्याही ठाण्यात फिर्याद घ्यावीच लागते. इथे कोणाचीच हद्द नाही असा शहराचा अख्खा तुकडा मी पहिल्यांदाच पाहिला, आणि पुढचे सगळे दिवस हद्द हाच शब्द डोक्यात राहिला.

मित्र मनारा चौकात, सिंहांच्या पुतळ्यांपाशी वाट बघत होता. केस पांढरे झालेत, मिठी तशीच. चौकात मात्र निळ्या शर्टातला एक तरुण हवालदार एकटा चार रस्ते सांभाळत होता, शिट्टी कमी आणि नजर जास्त, मी पाच मिनिटं उभा राहून बघितलं. संध्याकाळी रुकबचं आइस्क्रीम खाल्लं, त्यात एक प्रकारचा डिंक असतो त्यामुळे ते चिवट लागतं, हिला पिस्त्याचं फार आवडलं.

जाणाऱ्यांसाठी: पासपोर्टसोबत एअरपोर्टवर मिळालेली निळी चिठ्ठी जपून ठेवा, शिक्का मारत नाहीत, ती चिठ्ठी हाच तुमच्या प्रवेशाचा पुरावा. इस्रायलमध्ये भाड्याने घेतलेल्या गाडीचा इन्शुरन्स बहुतेक वेळा पॅलेस्टिनी शहरांत चालत नाही, बस किंवा पिवळी शेअर टॅक्सी बरी, तिला इथे 'सर्व्हीस' म्हणतात. पैसे शेकेलमध्ये, आम्ही गेलो तेव्हा एक शेकेल साधारण 20 रुपयांना होता. मोबाईल इंटरनेटवर भिस्त ठेवू नका, वेस्ट बँकमध्ये पॅलेस्टिनी कंपन्यांचं थ्रीजीच मुळात जानेवारी 2018 मध्ये आलं.

दिवस दुसरा – रामल्ला

सकाळी नाश्त्याला झातर, म्हणजे वाळवलेली पानं आणि तीळ यांचा कोरडा मसाला, आणि ऑलिव्ह तेल. भाकरीवर शेंगदाण्याची चटणी आणि तेल घेतो ना आपण, अगदी तसं, पोळी तेलात बुडवायची मग झातरमध्ये.

मित्राने सकाळभर बसून मिशनचं सगळं समजावलं. ईयूपोल कॉप्सचं काम 1 जानेवारी 2006 ला सुरू झालं. आणि त्याच महिन्यात निवडणुकीत हमास जिंकली, युरोपने पॅलेस्टिनी सरकारशी व्यवहार आखडता घेतला, म्हणजे मिशन आलं आणि बसून राहिलं. जून 2007 मध्ये हमासने गाझा ताब्यात घेतला, गाझा आणि वेस्ट बँक वेगळे पडले आणि त्यानंतर काम वेस्ट बँकपुरतंच उरलं. खरा जोर आला तो 24 जून 2008 च्या बर्लिन परिषदेनंतर, तिथे देशांनी पोलीस आणि न्यायव्यवस्थेसाठी मिळून 24 कोटी 20 लाख डॉलरचे आकडे जाहीर केले. मिशन स्वतः तिजोरी घेऊन बसलेलं नाही, पोलिसांना काय हवंय आणि कोणता देश काय देऊ शकतो याची गाठ घालून देणं हे मोठं काम. ठाण्यांच्या इमारती, गाड्या, वायरलेस, ट्रेनिंग. दुसरा विभाग कोर्ट, सरकारी वकील यांच्यासाठी, कारण पोलिसांनी आरोपी पकडला आणि पुढे केसच उभी राहिली नाही तर काय उपयोग.

कोसोवोत आमच्या कमरेला पिस्तूल होतं आणि अटकेचे अधिकारही होते, आम्हीच पोलीस होतो. इथे मित्राकडे शस्त्र नाही, अधिकार नाही, फक्त सल्ला. मी विचारलं, त्रास होत नाही का? म्हणाला, "कोसोवोत मी माझी केस सोडवायचो. इथे त्यांची केस त्यांनी सोडवली की माझं काम झालं." हे मला पटलं. बाहेरच्याने येऊन हवालदारकी करायची नसते.

लष्करी धाटणीची जी दलं आहेत, नॅशनल सिक्युरिटी वगैरे, त्यांचं ट्रेनिंग अमेरिकेने बघितलं, त्यासाठी 2005 पासून एक अमेरिकन जनरल नेमलेला असतो, बरीच बॅच जॉर्डनमध्ये शिकून आली. सिव्हिल पोलीस म्हणजे चोरी, ट्रॅफिक, मारामाऱ्या, घरगुती भांडणं, ते युरोपकडे. यावर्षी जानेवारीअखेर अमेरिकेची मदत थांबली. तिथे नवीन कायदा आला की जो अमेरिकेची मदत घेईल त्याच्यावर अमेरिकन कोर्टात दावे लागू शकतात, म्हणून पॅलेस्टिनी सरकारनेच कळवलं की आम्हाला नको.

दुपारी मुकाता बाहेरून पाहिला, राष्ट्राध्यक्षांचं ठिकाण, पॅलेस्टिनी नेते यासर अराफत यांची समाधी तिथेच, बाजूला म्युझियम आहे ते बघाच, 2002 च्या वेढ्यात ते ज्या खोल्यांत अडकून होते त्या तशाच ठेवल्यात. पण मला थांबवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. मित्र म्हणाला मूळ इमारत टेगार्ट फोर्ट होती. मी म्हटलं, कोण टेगार्ट? चार्ल्स टेगार्ट? कलकत्त्याचा?

तोच. 1915 मध्ये बालासोरला क्रांतिकारक बाघा जतीन यांच्याशी चकमक झाली त्या तुकडीसोबत होता तो, नंतर कलकत्त्याचा पोलीस कमिशनर. 1924 मध्ये गोपीनाथ साहाने त्याला मारायला गोळ्या झाडल्या त्या दुसऱ्याच इंग्रजाला लागल्या, 1930 मध्ये डलहौसी स्क्वेअरला त्याच्या गाडीवर बॉम्ब पडले, तरी वाचला. या माणसाला इंग्रजांनी 1937 च्या शेवटी पॅलेस्टाईनला आणलं, अरबांचा उठाव चालू होता तो मोडायला, आणि त्याच्या सल्ल्याने देशभर काँक्रीटची किल्ल्यासारखी पोलीस ठाणी बांधली गेली. जाड भिंती, बारीक खिडक्या, आतून बाहेर गोळी झाडता यावी पण बाहेरच्याला आत डोकावता येऊ नये. आपलं खातंही 1861 च्या कायद्यातूनच जन्मलं, लोकांवर लक्ष ठेवायला. मी चौतीस वर्षं नोकरी केली, लोक ठाण्याची पायरी चढायला का बिचकतात हे मला कोणी सांगायला नको. त्या भिंतीसमोर उभा राहिलो आणि वाटलं की हे लोक आणि आपण एकाच घरातून निघालोय.

दिवस तिसरा – जेरिको

रामल्ला डोंगरावर, जेरिको समुद्रसपाटीच्या अडीचशे मीटर खाली. घाट उतरताना कानाला दडे बसतात. वर स्वेटर, खाली घामाच्या धारा.

मित्राने आधीच परवानगी काढून ठेवली होती, त्यामुळे पोलीस ट्रेनिंग कॉलेजच्या आवारात दोन तास बसता आलं, फोटो नाहीत या अटीवर. गेटवरच्या वयस्कर अधिकाऱ्याने आधी पहिल्या अपत्याचं नाव विचारलं. आम्हाला एकच मुलगी. तिचं नाव सांगितलं आणि त्या क्षणापासून मी तिचा 'अबू' आणि ही तिची 'उम्म'. आपल्या गावाकडे "अमकीचा बा" म्हणतात तसंच. हिचे डोळेच भरून आले, मुलगी लांब असते ना.

हा अधिकारी मे 1994 मध्ये जॉर्डनकडून पूल ओलांडून आलेल्या पहिल्या तुकड्यांमधला. गाझा-जेरिको करारात 9,000 पोलिसांची मंजुरी होती, त्यातले 7,000 पर्यंत बाहेरून आणायचे, म्हणजे बहुतेक पीएलओच्या, पॅलेस्टिनी मुक्ती संघटनेच्या, फौजेतले सैनिक. तो म्हणाला, "आम्हाला बंदूक खोलून जोडता यायची. फिर्याद कशी लिहायची ते कोणालाच माहीत नव्हतं. लोक रस्त्यात तांदूळ उधळत होते आणि मला भीती वाटत होती की उद्या कोणी चोरीची तक्रार घेऊन आला तर काय करू." त्यानंतर दुसऱ्या इंतिफादात, म्हणजे इस्रायलविरुद्धच्या उठावात, 2000 पासून पुढची चार-पाच वर्षं, ठाणी बॉम्बने पडली, गाड्या गेल्या, अनेक ठिकाणी गणवेशात बाहेर पडणंही बंद झालं. म्हणजे 2006 मध्ये युरोपचं मिशन आलं तेव्हा पुन्हा शून्यातून.

मग एक क्लास बघितला. एका खोलीत खोटी घटना मांडलेली, उलटी खुर्ची, कॉफीचा कप, सिगारेटचं थोटूक, फरशीवर लाल डाग. पायाला प्लॅस्टिकचे मोजे घातलेली चार पोरं आणि एक मुलगी आत, बाकी दारात. मुलीने थोटूक चिमट्याने उचललं, कागदी पाकिटात घातलं, सील केलं, सही केली. शिक्षकाने पाकीट हातात घेतलं आणि काही न बोलता परत तिच्यापुढे धरलं. तिने बघितलं, अर्धा मिनिट गेला, मग तिच्या लक्षात आलं की तिने सील केल्याची वेळ लिहिली होती, सापडल्याची वेळ लिहायची राहिली. तिने जुनं खोडलं नाही, खाली नवीन ओळ लिहून पुन्हा सही केली. मला टाळी वाजवावीशी वाटली. पंचनाम्यात खाडाखोड केली आणि कोर्टात आरोपी सुटला असं किती वेळा झालंय माझ्या डोळ्यांसमोर. 2016 पासून त्यांची स्वतःची फॉरेन्सिक लॅब आहे, कॅनडा आणि संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने झालेली, त्यामुळे पाकीट नीट भरायला आता अर्थ आहे.

क्लास संपल्यावर पोरं भोवती जमली. कायद्यावरून गप्पा झाल्या. वेस्ट बँकमध्ये दंडसंहिता अजून 1960 ची, जॉर्डनची, पण फौजदारी प्रक्रिया त्यांची स्वतःची, 2001 ची, आणि त्यात अटकेनंतर 24 तासांत आरोपी सरकारी वकिलासमोर. आपल्याकडे 24 तासांत मॅजिस्ट्रेटसमोर. मग एका पोराने विचारलं, तुमच्या ठाण्याच्या हद्दीत किती गावं होती?

मी म्हटलं शेवटच्या पोस्टिंगला बेचाळीस.

"सगळ्या गावांत जायचात?"

"हो."

"रात्री पण?"

"रात्री तर जावंच लागतं, नाईट राउंड असतो."

"कोणाला विचारून?"

मी म्हटलं स्टेशन डायरीला नोंद करायची आणि जीप काढायची. तो शेजारच्याशी अरबीत काहीतरी बोलला आणि सगळे गप्प झाले. मित्राने गाडीत बसल्यावर सांगितलं, तो म्हणाला होता, "नुसती नोंद करायची."

जेरिकोतली एक आठवण इथले लोक हमखास काढतात. तिथल्या जेलमध्ये 2002 पासून काही कैद्यांवर देखरेखीला ब्रिटिश आणि अमेरिकन निरीक्षक होते. 14 मार्च 2006 ला ते निरीक्षक आपल्या सुरक्षेचं कारण देऊन निघून गेले आणि थोड्याच वेळात इस्रायली लष्कर आत शिरलं, भिंती पाडल्या, कैदी घेऊन गेलं. बाहेरची मदत म्हणजे काय हे विचारलं की जुने पोलीस दोन्ही गोष्टी सांगतात, नवीन इमारतही आणि ती सकाळही. मला वाटतं मदत करणाऱ्यांनी हे दुसरं जास्त ऐकावं.

जेवायला मकलूबा, पातेलं ताटात उलटं करून वाढतात, खाली भात वर वांगी आणि कोंबडी. शाकाहारींनी मुजद्दरा मागावी, मसूर आणि तांदळाची खिचडीच, वर तळलेला कांदा. जेरिकोचे मेजूल खजूर न घेता येऊ नका, आणि दुपारी 12 ते 4 बाहेर फिरू नका.

दिवस चौथा – हेब्रॉन

हेब्रॉनला अरबीत अल-खलील. जानेवारी 1997 च्या कराराने शहराचे दोन भाग केले, एच-1 पॅलेस्टिनी पोलिसांकडे, एच-2 इस्रायली लष्कराकडे. एच-2 मध्ये जुना बाजार, मशीद, हजारो पॅलेस्टिनी घरं आणि मधेच इस्रायली वसाहती. आम्ही बाजारातून चालत गेलो, डोक्यावर तारेची जाळी बांधलेली, त्यात वरून फेकलेल्या बाटल्या, विटा, कचरा अडकलेला.

एका दुकानात काचेची भांडी बघायला थांबलो, इथली फुंकून केलेली निळी काच फार सुंदर असते. दुकानदाराने सेजची सुगंधी पानं घातलेला चहा दिला. मित्राच्या गळ्यातलं ओळखपत्र बघून तो म्हणाला, "तुमचे दुसरे लोक गेले ना." ते म्हणजे टिफ, हेब्रॉनमधली आंतरराष्ट्रीय निरीक्षकांची तुकडी. फेब्रुवारी 1994 मध्ये मशिदीत नमाज चालू असताना एका वसाहतवाल्याने गोळीबार करून 29 माणसं मारली, त्यानंतर ही कल्पना निघाली आणि 1997 पासून सलग बावीस वर्षं नॉर्वे, स्वीडन, इटली, स्वित्झर्लंड, तुर्कस्तान अशा देशांची माणसं इथे रोज गस्त घालून नोंदी करायची. इस्रायलने मुदत वाढवली नाही आणि 31 जानेवारी 2019 ला ते बंद झालं. दुकानदार म्हणाला की ते काही थांबवू शकायचे नाहीत, फक्त लिहून घ्यायचे. मग जाण्याने काय फरक पडला? "आता लिहून पण कोणी घेत नाही."

ठाणे अंमलदार म्हणून मी खूप वर्षं बसलोय. माणूस येतो तेव्हा त्याला बहुतेक वेळा माहीत असतं की चोर काही सापडायचा नाही. तरी येतो, आणि त्याचं म्हणणं शब्दाला शब्द लिहून घेतलं, वाचून दाखवलं की अर्धा शांत होऊन जातो. त्यामुळे तो दुकानदार काय म्हणतोय ते मला लगेच कळलं.

मी विचारलं की इथे दोन घरांत मारामारी झाली तर? म्हणाला की आमच्या पोलिसांना वर्दीत इथे यायचं तर आधी परवानगी, ती येईपर्यंत डोकी फुटलेली असतात, त्यामुळे म्हातारी माणसं मधे पडतात. कधी पोलीस साध्या कपड्यांत येतात.

रात्री रामल्लाला परत. हिने आधीपासून एक गोष्ट ठरवली होती, कुटुंब संरक्षण विभागातल्या महिला अधिकाऱ्याला भेटायचं. ही माझ्या शेवटच्या पोस्टिंगला महिला दक्षता समितीवर होती. ती बाई ड्युटी संपवून आमच्या हॉटेलवर आली, दोघी तीन तास बोलत बसल्या, मी फक्त कॉफी आणून देत होतो. रामल्लात आता एकाच छताखाली पोलीस, डॉक्टर, समुपदेशक असं केंद्र आहे म्हणजे बाईला चार दारं फिरून चार वेळा तेच सांगावं लागत नाही. यंदा ऑगस्टमध्ये एका तरुण मुलीच्या मृत्यूनंतर बायका मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरल्या होत्या, त्यानंतर फोन वाढलेत म्हणाली. आणि अडचण काय? नवरा रात्री मारतो, आणि गाव अशा भागात की पोलिसांना जायला आधी इस्रायली परवानगी लागते. ती फोन चालू ठेवून बसते, त्या बाईशी बोलत राहते, गाडी पोचेपर्यंत.

मीही एक अवघड प्रश्न विचारला, कारण एकच बाजू बघून यायचं नव्हतं. गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ह्यूमन राइट्स वॉच या मानवाधिकार संघटनेचा रिपोर्ट आला होता की इथल्या सुरक्षा यंत्रणा टीका करणाऱ्यांना उचलतात, कोठडीत मारहाण करतात. जून 2018 मध्ये रामल्लातच मोर्चा लाठ्यांनी मोडला होता. ती लपवायला गेली नाही. म्हणाली, यंत्रणा अनेक आहेत, लोकांच्या नजरेत सगळे एकच, आणि 2006 नंतर संसदेची निवडणूकच झाली नाही, मग आम्हाला जाब विचारायचा कोणी? मित्रही म्हणाला की ट्रेनिंगमध्ये मानवाधिकाराचा तास ठेवणं सोपं, वरून आलेल्या चुकीच्या आदेशाला नाही म्हणणं शिकवता येत नाही. आपल्याकडे सप्टेंबर 2006 मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकाश सिंग केसमध्ये सात निर्देश दिले, पोलिसांना राजकीय दबावातून सोडवा म्हणून. तेही अजून पूर्ण झालेले नाहीत, हे मी त्यांना सांगितलं.

दिवस पाचवा – ऑलिव्हच्या बागेत

शुक्रवार, सुट्टी, आणि ऑक्टोबर म्हणजे ऑलिव्हची तोडणी. बिरझैतच्या पुढे एका गावात मित्राच्या ओळखीच्या कुटुंबाकडे गेलो. झाडाखाली ताडपत्री, लहान मुलं शेंड्यावर, आजी खाली बसून पानं निवडतेय. हिने पदर खोचला आणि आजीशेजारी बसली, भाषा एक शब्द कळत नाही तरी दोघींचं व्यवस्थित चाललं होतं. दुपारी मुसखन, तव्याएवढ्या जाड पोळीवर कांदा, सुमाक नावाचा आंबट मसाला, तेल आणि कोंबडी. वारं गार, ऊन कोवळं, इतका चांगला दिवस खूप वर्षांत मिळाला नव्हता.

रात्री तिथेच राहिलो. अकराच्या पुढे आरडाओरड झाली. शेडमधून तीन पोती ऑलिव्ह आणि छोटा जनरेटर गेला होता. घरातल्या मुलाने 100 ला फोन लावला. माझी सवय, मी घड्याळ बघितलं, 11 वाजून 40.

वेस्ट बँकचे तीन भाग आहेत, इस्रायल आणि पीएलओमधल्या ओस्लोच्या 1995 च्या करारापासून. ए म्हणजे शहरं, साधारण 18 टक्के, तिथे पॅलेस्टिनी पोलीस. बी मध्ये गावं, 22 टक्के, तिथे कायदा-सुव्यवस्था पॅलेस्टिनी पोलिसांची पण सुरक्षा इस्रायलची. सी सगळ्यात मोठा, 60 टक्के, पूर्ण इस्रायली ताब्यात. आमचं गाव बी मध्ये, ठाणं ए मध्ये, मधला रस्ता सी मधून. म्हणजे गाडी काढण्याआधी 'तनसीक' लागते, दोन्हीकडच्या समन्वय कार्यालयातून परवानगी. ठाणं नऊ किलोमीटरवर. माझ्या जुन्या हद्दीत मी नऊ किलोमीटर पंधरा मिनिटांत गाठलं असतं, पावसातसुद्धा.

आम्ही अंगणात बसून राहिलो. आजी पुन्हा पुन्हा कॉफी करत होती. बाराला टायरच्या खुणा ताज्या होत्या, मी बॅटरी मारून बघितलं, घरातल्यांना सांगितलं तिकडे कोणी पाय ठेवू नका आणि वर पातेली उपडी घातली. गाडी आली ती 3 वाजून 50 मिनिटांनी. दोन पोलीस, एक पंचवीस-सव्वीसचा, एक चाळिशीचा. आल्या आल्या चाळिशीच्याने आजीची माफी मागितली, उशिराबद्दल, जी चूक त्याची नव्हती. मग तरुण पोलिसाने पातेलं उचललं, खुणेशेजारी पट्टी ठेवून फोटो काढला, आणि जबाब घ्यायला बसला. वही मी बघितली, अरबी वाचता येत नाही, आकडे मात्र मित्राने वाचून दाखवले. एकाखाली एक तीन वेळा. फोन आला 11:42. परवानगी मिळाली 3:15. पोचलो 3:50. दुसरं काहीच शेरा म्हणून लिहिलेलं नव्हतं.

चाळिशीच्या हवालदाराशी थोडं बोललो. फेब्रुवारीपासून कित्येक महिने पगार निम्मा, कधी साठ टक्के. पॅलेस्टाईनचा कस्टम कर इस्रायल गोळा करून देतं, पॅलेस्टिनी सरकार इस्रायली तुरुंगातल्या कैद्यांच्या कुटुंबांना जेवढे पैसे द्यायचं तेवढी रक्कम इस्रायल त्यातून कापायला लागलं, तेव्हा पॅलेस्टिनी सरकारने अर्धवट रक्कम घ्यायलाच नकार दिला. या महिन्यात काहीतरी तडजोड झाली म्हणतात. याने दरम्यान बायकोची चेन गहाण टाकली. तरी रात्री पावणेचारला वर्दीला इस्त्री होती.

एक सूचना: तोडणीला जायचं तर ओळखीच्या कुटुंबासोबतच जा, वसाहतींच्या जवळच्या बागांत तणाव असतो. चेकपोस्ट, लष्कर, पोलीस चौकी यांचे फोटो काढू नका. कोणी कॉफी दिली तर नाही म्हणू नका.

दिवस सहावा – परत

सकाळी गाव सोडताना आजीने दोन लिटर तेल दिलं, पाणी प्यायच्या बाटल्यांमध्ये. बाटली प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळून चेक-इन बॅगेत टाका, केबिनमध्ये घेऊ देत नाहीत. कलंदियाला परतीच्या रांगेत आम्हाला पंचवीस मिनिटं लागली. शेजारच्या रांगेतला गवंडी म्हणाला मी रोज पहाटे चारला येतो. एअरपोर्टवर प्रश्न विचारतात, कुठे राहिलात, कोणाकडे, कशाला. खरं सांगा, थोडक्यात सांगा, तीन तास आधी पोचा.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी मित्राचा मेसेज आला. ऑलिव्ह चोरला तरी कच्चा विकत नाही कोणी, तेल काढावंच लागतं, आणि हंगामात घाण्यावर नंबर लावावा लागतो. त्या दोघा पोलिसांनी जिथे परवानगी लागत नाही तिथली, म्हणजे ए भागातली, घाणी एकेक करून पालथी घातली. आपल्याकडे द्राक्ष-कांद्याच्या चोऱ्या मार्केट यार्डातून उघड होतात तसंच. पाचव्या घाण्यावर तीन पोती घेऊन आलेला एक जण आठवला मालकाला, टायरची खूण जुळली. दोन पोती तशीच मिळाली, तिसऱ्याचं तेल निघालं होतं. जनरेटर नाही मिळाला. तेलाचा डबा सील करून, सापडल्याची वेळ लिहून, मुद्देमाल म्हणून ठाण्यात ठेवलाय, आणि आजी रोज फोन करून विचारते की तो उन्हात नाही ना ठेवलेला.